घरच्या घरी अंगाची मापं घेतली, त्याबद्दल

तयार शर्ट घेतला की माझं ठरलेलं असतं. खांद्याला बसेल असा घ्यावा, तर छातीवरची दोन बटणं ओढली जाऊन मधली फट उघडी पडते. छातीला बसेल असा घ्यावा, तर खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही बोटांपर्यंत येते. पँटचं रडगाणं वेगळं. सीटला नीट, पण कमरेला मागे अख्खी मूठ जाईल एवढी जागा. अशी बरीच वर्षं काढल्यावर यंदा जानेवारीत ठरवलं की मापं देऊन शिवून घ्यायचं, आणि तेही ऑनलाइन. म्हणजे माप घ्यायला समोर शिंपी नाही. आपली मापं आपणच घ्यायची, फॉर्ममध्ये भरायची आणि वाट बघायची. हे सगळं एप्रिलमध्ये एकदाचं आटोपलं. सुरुवातीला मला सलग लिहिलेलं असं काही सापडलं नव्हतं. सापडली ती चित्रं, ज्यांत एक सडपातळ बाई हसत हसत कमरेला टेप गुंडाळते आणि काम झालं. म्हणून हे सविस्तर.

आधी फॉर्म उघडला, आणि तसाच बंद केला. शर्टासाठी बारा रकाने, पँटसाठी आठ, सगळ्यांपुढे लाल चांदणी, म्हणजे एकही रिकामा सोडायची सोय नाही. छाती, कंबर, सीट इथवर ठीक. पण ‘मागची लांबी’ म्हणजे मानेवर नेमकी कुठून? ‘बाही’ खांद्यापासून की पाठीच्या मध्यापासून? ‘कंबर’ म्हणजे जिथे आपण पँट घालतो ती, की तिच्या वरची? आणि सगळ्यांत वर एक निवड होती: ‘अंगाचं माप’ किंवा ‘कपड्याचं माप’. हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण सगळा खेळ त्यावर आहे. अंगाचं माप म्हणजे टेप अंगाला लागून येणारा आकडा. कपड्याचं माप म्हणजे त्यात हालचालीसाठी सोडलेला सैलपणा, शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात तो, धरून आलेला आकडा. छाती 98 सेंमी असेल आणि 98 हा आकडा कपड्याच्या मापात गेला, तर शर्ट अंगात चढेल, पण त्यात हात वर करता येणार नाही.

अटीही वाचल्या. शिवलेल्या कपड्यात एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल असं त्यांचं म्हणणं. मापं पाठवल्यावर एका दिवसानंतर बदलता येणार नाहीत. पहिली दुरुस्ती फुकट, पण कपडा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, न धुतलेला आणि फोटोंसह. या अटी आधी वाचून ठेवल्या ते बरं झालं, पुढे उपयोगी पडल्या.

दुकानातल्या सायझा आपल्याला का बसत नाहीत, याचं मी उगीच वाचन केलं, पण मन हलकं झालं. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली होती, तयार कपड्यांना काहीतरी शास्त्रीय पाया मिळावा म्हणून. पुढे 1958 मध्ये तिथे सायझांचं एक अधिकृत प्रमाण ठरलं आणि 1983 मध्ये ते मागेही घेतलं गेलं. एका मापावरून बाकीची मापं ओळखता येत नाहीत, ही मूळ अडचण कुठल्याही प्रमाणाने सुटत नाही. छाती सारखीच असलेल्या दोघींचे खांदे सारखे असतीलच असं नाही. तेव्हा दोष माझ्या अंगात नाही, हे कळलं आणि मी टेप शोधायला लागले.

घरात जुनी प्लॅस्टिकची टेप होती. अशी टेप वापरून वापरून ताणली जाते, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते. तपासायला सोपा उपाय म्हणजे ए4 कागद. त्याची लांबी 29.7 सेंमी आणि रुंदी 21 सेंमी, जगात कुठेही. माझ्या टेपवर कागदाची लांबी 29.3 भरली. ऐकायला चिल्लर वाटतं, पण 98 च्या छातीवर तो फरक सव्वा सेंटिमीटरच्या वर जातो. नवी टेप फायबरग्लासची आणली, ती सहसा ताणली जात नाही. तिचं शून्य धातूच्या पट्टीच्या टोकापासून सुरू होतं की पट्टी संपल्यावर, हेही एकदा कागदावर ठेवून बघा. इंचात लिहायचं की सेंटिमीटरमध्ये, हा प्रश्न मी सेंटिमीटरच्या बाजूने सोडवला. इंचांत आपण सहज अर्ध्या इंचावर आणून सोडतो, आणि अर्धा इंच म्हणजे 1.27 सेंमी. सूत-सूत, म्हणजे इंचाचा आठवा भागही, मोजणारा शिंपी असेल तर गोष्ट वेगळी.

बाकी सामान घरातलंच: बोटभर रुंदीचं इलॅस्टिक, गळ्यातली बारीक साखळी, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल, मोठा आरसा, मोबाइल आणि वही. कपड्यांचं म्हणाल तर, नव्या शर्टाच्या आत जे घालणार तेच घालून मापं घ्यायची. आतला कपडा बदलला की छातीचा घेरही बदलतो आणि छातीची उंचीही. वर टी-शर्ट नको.

वेळेचा मुद्दा मला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. तरी एका दिवशी सकाळी उठल्या उठल्या कंबर मोजली आणि त्याच दिवशी रात्री जेवणानंतर पुन्हा. सकाळी 79.5, रात्री 81.5. उंचीचंही तसंच, दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत माणूस एखाद सेंटिमीटरने कमी भरतो. मी दुपारच्या जेवणाआधीची वेळ धरली, ना अगदी रिकामं पोट ना भरलेलं. शिवाय बसूनही कंबर मोजून ठेवली. ती 83 आली. माझा निम्मा दिवस खुर्चीत जातो, मग उभ्या कमरेवर बेतलेली पँट कुणासाठी?

आता खरं काम. या सगळ्या उपद्व्यापातून मला एकच गोष्ट सांगायची आहे: टेप हातात घेण्याआधी अंगावर खुणा करा. घेर कोणीही मोजतं. कपडा बिघडतो तो घेर कुठे घेतला यात, आणि दोन घेरांमधल्या उंचीत. खुणा पक्क्या असतील तर आज घेतलेलं माप आणि परवा घेतलेलं माप जुळतं. नसतील तर वहीत नुसती आकड्यांची रांग होते.

कंबर शोधायला बाजूला वाकायचं. जिथे घडी पडते ती कंबर. हे प्रत्येकीला जमत नाही, माझ्या अंगाला दोन घड्या पडतात. मग दुसरी पद्धत: कुशीत बोटांनी सगळ्यांत खालची बरगडी चाचपायची, मग खाली कुल्ल्याच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण. कपड्यांसाठी अंगाची मापं कशी घ्यायची याचं 8559 क्रमांकाचं आयएसओ मानक आहे, त्यातही कंबर अशीच मध्यावर धरली आहे. तिथे इलॅस्टिक बांधलं, जरा चालले, वाकले, बसले. इलॅस्टिक आपोआप जागेवर बसलं. पुढची सगळी उभी मापं या इलॅस्टिकपासूनच घेतली, त्यामुळे ते शेवटपर्यंत काढायचं नाही. पँट मी याच्या खाली सहा सेंटिमीटरवर घालते, तिथला घेर 87. वहीत दोन्ही लिहिले, कारण दोन्हींना लोक कंबरच म्हणतात.

मानेसाठी डोकं पुढे वाकवायचं. मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळक वर येतं, त्यावर बोट ठेवून डोकं सरळ करायचं आणि चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे कळायला साखळी घातली. साखळी स्वतःच्या वजनाने जिथे टेकते तीच गळ्याची रेषा. ती खांद्याच्या धारेला जिथे ओलांडते तिथे पेन्सिलीची टिंब. खांद्याचं दुसरं टोक शोधायला हात बाजूला आडवा वर उचलायचा. खांद्याच्या हाडाच्या टोकाशी एक छोटी खळी पडते. त्या खळीत बोट ठेवायचं, बोट न हलवता हात खाली आणायचा आणि खूण करायची. हे मी आरशासमोर करून बघितलं तेव्हा माझ्या सगळ्या शर्टांची शिवण या खुणेच्या बाहेर दोन बोटं असते हे दिसलं. इतकी वर्षं मी त्याला ‘माझे खांदे उतरते आहेत’ म्हणत होते.

सीट म्हणजे मागचा सगळ्यांत फुगीर भाग, आणि तो बाजूने आरशात बघून ठरवायचा. कमरेखाली 18 ते 23 सेंटिमीटरच्या आसपास बहुतेकांचा येतो, माझा 21 वर आला. ही उंचीसुद्धा लिहायची. फॉर्ममध्ये रकाना नसला तरी शेरा लिहायच्या जागी चालते.

पहिले काही दिवस एकटीनेच प्रयत्न केला. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून टायमरवर फोटो काढले, पुढून आणि पाठीमागून. समोरून टेप अगदी आडवी, आणि पाठीमागच्या फोटोत ती दोन-तीन सेंटिमीटर खाली घसरलेली. जवळपास प्रत्येक फोटोत. यावर उपाय म्हणून एक काठी घेतली, तिला छातीच्या उंचीवर रबर बांधलं, काठी जमिनीवर उभी धरून पुढे, कुशीत आणि मागे त्याच उंचीला चिकटपट्टीचे तुकडे लावले, आणि टेप त्या तुकड्यांवरून फिरवली. मागचा तुकडा लावताना कसरत होते, पण होतं. काठीची उंची ठरवताना आणि माप वाचताना पायांवर सारखा भार, नजर समोर. टेपकडे वाकून बघितलं की छाती आणि पोट दोन्ही हलतात, म्हणून टेपवर जिथे आकडा येतो तिथे चिमटीत धरायचं आणि टेप सोडवून मग वाचायचं.

टेप किती आवळायची? त्वचेवर चपटी बसली पाहिजे, मांस दबता कामा नये, आणि हळूच ओढली तर सरकली पाहिजे. खाली बोट घालायचं नाही. मोकळीक नंतर हिशेबाने द्यायची असते, ती दोन्हीकडे दिली की शर्टाचा तंबू होतो.

प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि आधीचा आकडा दिसू नये म्हणून वहीचं पान दुमडून ठेवलं. हे जरूर करा. आधीचा आकडा समोर असला की टेप हळूच तिकडेच ओढली जाते, विशेषतः तो आपल्याला आवडलेला असेल तर. तिन्हींतला मधला आकडा ठेवला, आणि तीन आकड्यांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर खूण तपासून पुन्हा. मनाला लागतं, नाही असं नाही. दंडाचा घेर लिहिताना मी दोनदा टेप फिरवली ती अचूकतेसाठी नव्हती. पण चौथ्या-पाचव्या मापापासून ते आकडे स्वतःचे वाटेनासे होतात, खोलीची लांबी-रुंदी लिहावी तसे लिहिले जातात. ते बरंच आहे.

एकटीला जमली ती मापं: कंबर, सीट, मांडी, दंड, मनगट. खांद्याची रुंदी, पाठ, मानेपासून कमरेपर्यंतची लांबी आणि बाही मात्र नाही जमली. टेपचं टोक मानेवर धरायला हात वर नेला की पाठीची कातडी वर ओढली जाते आणि खांदे पुढे येतात. जे मोजायचं तेच हलतं. मग एका रविवारी धाकट्या बहिणीला बोलावलं.

“ताई, श्वास सोड ना.”

“सोडलाय.”

“मग हा आकडा दर वेळी सेंटिमीटरभर का हलतोय? पोट आत घेतेयस तू.”

“मी मुद्दाम नाही घेत गं, आपोआप जातं.”

“आरशाकडे बघू नकोस. तुमच्या ऑफिसातल्या त्या मीटिंगचं काय झालं ते सांग.”

मी सांगायला लागले आणि तिने माझ्या बोलण्यातच आकडे वाचून टाकले. मदतनीस असेल तर ही युक्ती वापराच. माप साधा श्वास सोडून झाल्यावर वाचायचं असतं, आणि बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

छातीचे तिने तीन घेर घेतले: काखेतून छातीच्या वरचा 89, सगळ्यांत भरीव भागावरचा 98, आणि छातीखालचा 82. यात पहिल्या दोघांमधला फरक पाहण्यासारखा आहे. शिवणकामाच्या बऱ्याच छापील पॅटर्नांत हा फरक 5 सेंमीच्या आसपास धरलेला असतो, माझा 9 आहे. बटणं का उघडतात आणि खांदा का उतरतो याचं उत्तर एवढ्यातच होतं. 98 ला बसणारा शर्ट घेतला की त्याच्याबरोबर 98 वाल्या बाईचे खांदेही मिळतात, आणि माझे खांदे 89 वालीचे आहेत.

उभ्या मापांनी दुसरं उत्तर दिलं. मान-खांद्याच्या टिंबापासून छातीवरून कमरेच्या इलॅस्टिकपर्यंत 44.5, आणि त्याच टिंबापासून पाठीवरून 41.5. पुढची बाजू तीन सेंटिमीटर लांब. म्हणून शर्ट समोर आखूड होऊन वर चढतो आणि मी दिवसभर तो खाली ओढत बसते. टिंबापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची 27 आणि दोन टोकांमधलं अंतर 19, हेही घेतलं. टक्स, म्हणजे कपड्याला आकार देण्यासाठी शिवलेल्या टोकदार चिमट्या, कुठे संपवायचे हे शिवणाऱ्याला त्यावरून कळतं.

पाठीची रुंदी काखेच्या मागच्या घड्यांच्या मध्ये, मान आणि काख यांच्या अर्ध्या उंचीवर घेतली. हात खाली सोडून 35. मग बहीण म्हणाली, स्वतःला मिठी मार. 39. गाडी चालवताना किंवा टाइप करताना पाठ या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते.

बाहीचं माप आम्ही बराच वेळ घेतलं. हात सरळ सोडून खांद्याच्या खुणेपासून मनगटाच्या हाडापर्यंत 56 आलं. मग हात कमरेवर ठेवला, कोपर थोडा वाकलेला, आणि टेप खांद्यावरून कोपराच्या टोकावरून मनगटापर्यंत नेली. कोपराच्या हाडावर टेप सारखी घसरत होती. बहिणीने अंगठ्याने ती तिथे दाबून धरली आणि उरलेली टेप दुसऱ्या हाताने मनगटापर्यंत नेली. 58. हे दोन सेंटिमीटर म्हणजे हात वाकवल्यावर कफ मनगटावर राहणं किंवा वर पळणं. डावा हात 57.5. उजवा खांदा डाव्यापेक्षा सेंटिमीटरभर खाली आहे, हे तिला समोर उभं राहिल्या राहिल्या दिसलं. मला आजवर आरशात दिसलं नव्हतं. बहुतेकांचं असं थोडं इकडेतिकडे असतंच. म्हणून खांदा आणि बाही दोन्ही बाजूंची वेगवेगळी घ्यायची.

खांद्याच्या रुंदीला टेप नीट बसेना, सारखी मानेकडे चढत होती. तेव्हा कागदाची लांब पट्टी कापली, पाठीवर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत धरली, दोन्हीकडे नखाने खूण केली आणि मग पट्टी टेबलावर ठेवून मोजली. 38.5. नंतर वाचनात आलं की इंचाची टेप रूढ होण्याआधी, अठराव्या शतकात युरोपातले शिंपी असंच करायचे. गिऱ्हाइकागणिक एक लांब कागदी पट्टी, आणि प्रत्येक मापाला तिच्यावर एक खाच. आकडा लिहायचाच नाही.

पँटची मापं त्या मानाने पटापट झाली. पायाच्या आतल्या लांबीसाठी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कड भिंतीला लावून घट्ट वर धरलं, वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण. जमिनीपासून 76. आसनाची उंची मात्र कडक खुर्चीवर बसून घ्यायची, गादीची खुर्ची चालत नाही. कुशीतल्या इलॅस्टिकपासून खुर्चीच्या फळीपर्यंत 26.5. पुढच्या इलॅस्टिकपासून दोन पायांमधून मागच्या इलॅस्टिकपर्यंत एकूण 69, त्यातले पुढचे 31 आणि मागचे 38. हे माप बाथरूमचं दार लावून स्वतःच घेतलं. बहिणीचं प्रेम असलं तरी प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते. कंबर 80 आणि सीट 103, म्हणजे 23 चा फरक. मागे जाणारी मूठ ती हीच.

अंग झालं, आता कपडा. कपाटातला सगळ्यांत बरा बसणारा शर्ट काढला, इस्त्री केली, बटणं लावून फरशीवर पालथा-उताणा करून मोजला. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत 53, दुप्पट 106. माझी छाती 98, म्हणजे मला आवडणारा सैलपणा 8 सेंटिमीटरचा. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला साधारण 8 ते 10 सोडतात. वर घालायच्या जॅकेटला त्याहून जास्त, कारण आत शर्ट असतो. आणि ताणणाऱ्या होजिअरीच्या कपड्याला शून्य किंवा उणेसुद्धा चालतं. पण ही पुस्तकातली संख्या झाली. आपल्याला काय सैल वाटतं आणि काय घट्ट, हे आपल्याच शर्टाला विचारलेलं बरं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॉर्म भरायला बसले. भरण्याआधी त्यांना ईमेल केला: कंबर कुठली धरता, बाही कुठून मोजता, अंगाचं माप दिलं तर सैलपणा किती घालता. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘कृपया माप-तक्ता पाहावा.’ तो पाहूनच तर विचारत होते. मग अंगावरच्या खुणांचा पाठीमागून काढलेला फोटो जोडून, एकेका ओळीत एकेक प्रश्न, असं पुन्हा लिहिलं. त्याला नीट उत्तर मिळालं: बाही खांद्याच्या टोकापासून, ‘रेग्युलर फिट’ला छातीत 10, ‘स्लिम’ला 6. मला हवे होते 8. शेऱ्यात तसं लिहिलं, उजवा खांदा 1 सेंमी खाली, पुढची लांबी जास्त, छातीच्या टोकाची उंची 27, हेही लिहिलं, आणि सगळ्यात स्वस्त सुती कापडाचा एकच शर्ट मागवला. पहिल्याच झटक्यात चार शर्टांचे पैसे अडकवू नका. कापड आधी आटवलेलं आहे का हेही विचारा. 70 सेंटिमीटर लांबीचा सुती शर्ट तीन टक्के आटला तर दोन सेंटिमीटर गेले, आणि धुतल्यावर तक्रार चालत नाही.

सांगितले होते तीन आठवडे, लागले चार. पार्सल आल्यावर घालून बघण्याआधी फरशीवर पसरून मोजला. छाती 106.5, बाही 57, दोन्ही त्यांच्या एक सेंटिमीटरच्या अटीत. मग घातला. बटणांची ओळ छातीवरून सरळ खाली गेली. मी हात वर केले, खुर्चीत बसले, पुढे वाकले, फट नाही. खांद्याची शिवण खळीच्या खुणेवर. बहिणीला व्हिडिओ कॉल केला, ती म्हणाली, “अगं, तू बारीक झालीस की काय?” एक ग्रॅमही नाही.

उजव्या बाजूला मात्र मानेपासून काखेकडे तिरकी सुरकुती होती. खांद्याचा शेरा त्यांनी वाचला नव्हता. पंधरा दिवसांच्या आत, न धुतलेल्या शर्टाचे पुढून, मागून आणि बाजूने फोटो पाठवले, हात मोकळे सोडून, शर्ट न खोचता. सोबत त्यांच्याच फॉर्ममधल्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट. तो स्क्रीनशॉट कामी आला, कारण आधी त्यांनी ‘माप ग्राहकाने दिलेले आहे’ असं सुरू केलं होतं. दुरुस्ती फुकट झाली, जाण्यायेण्यात आणखी दहा-बारा दिवस गेले. फॉर्म पाठवल्यावर त्याची प्रत जपून ठेवा.

शर्ट परत आल्यावर पँट मागवली. आसनाची पुढची-मागची मापं वेगळी दिल्यामुळे कमरेची मूठ गेली आहे. बसताना मांडीवर थोडी ओढते, कारण मांडीचा घेर मी उभ्यानेच घेतला होता आणि फॉर्ममध्येही बसून घ्या असं नव्हतं. बसून घेतला तर माझा दोन सेंटिमीटर जास्त येतो. पुढच्या पँटला तो आकडा जाईल, ही आहे तशी घालते आहे.

मापांच्या पानावर आता वर तारीख, वेळ, कुठली टेप आणि आत काय घातलं होतं एवढं लिहिलं आहे. वजन दोन-चार किलो इकडचं तिकडे झालं तर घेर पुन्हा घ्यावे लागतील. खांदा, पाठ, बाही आणि पायाची लांबी तशीच राहते, तेव्हा पुढच्या खेपेला अर्धं काम झालेलंच असेल. बहिणीची मापं घ्यायची राहिली आहेत. ती येत्या रविवारी येते म्हणाली आहे, येताना कडक खुर्ची तुझ्याकडे आहे ना, हे विचारून.